विशेषतः पाव

हावड्याहून बंडेलकडे जाणारी लोकल पकडली की तासाभराच्या आत श्रीरामपूर येतं. फलाटावरची पाटी वाचून मला हसू आलं. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं आणि आमच्याकडेही एक श्रीरामपूर आहे. उसाच्या ट्रॉल्यांचं, एसटी स्टँडवरच्या भेळेचं, आणि सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे कॅथलिकांच्या मारियामातेच्या, यात्रेला लोटणाऱ्या गर्दीचं. आम्ही प्रोटेस्टंट, त्यात वडील पाळक. त्यामुळे त्या यात्रेला जाणं आमच्यात बसत नव्हतं. मी मैत्रिणीबरोबर एकदा जाऊन आले होते. वडिलांना सांगितलं नाही, आणि आता सांगायला ते राहिले नाहीत.

बंगालमधल्या या श्रीरामपूरचं इंग्रजांच्या जिभेवर सेरामपूर झालं. मुलीची बदली कोलकात्याला झाली म्हणून महिनाभर तिच्याकडे राहायला गेले होते. दुपारी ती ऑफिसात, मी घरात एकटी. एक दिवस उठून निघाले. कारण एकच, विल्यम कॅरी, सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून बंगालात आलेला मिशनरी. आमच्या घरी भिंतीवर येशूच्या चित्राशेजारी त्याचा छापील फोटो होता, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. वडील 'कॅरीसाहेब' म्हणायचे. मी इथे त्याला एकेरीच लिहिणार आहे. त्याला अहोजाहो करायचं आणि त्याच्या बायकोला 'ती' म्हणायचं, हे मला आता जमत नाही.

वडील प्रवचनात कॅरीची एक गोष्ट हमखास सांगायचे, विशेषतः वर्गणी थकली की. इंग्लंडमधल्या केटरिंग नावाच्या गावात, एका विधवा बाईच्या घराच्या मागच्या खोलीत, २ ऑक्टोबर १७९२ ला डझनभर माणसं जमली. बहुतेक छोट्या गावांतले, बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक, स्वतःच कसेबसे भागवणारे. परदेशात सुवार्ता सांगायला माणसं पाठवायची म्हणून त्यांनी एक संस्था काढली आणि कोण किती देणार ते चिठ्ठ्यांवर लिहून अँड्र्यू फुलर या पाळकाच्या तपकिरीच्या डबीत टाकलं. बेरीज झाली १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. रोख नव्हे, नुसता शब्द. वडिलांना हा आकडा पाठ होता आणि ते तो शिलिंग-पेन्ससकट सांगायचे. मंडळीतल्या लोकांना पेन्स म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण थोडक्यातून थोर होतं हा मुद्दा त्यांना बरोबर कळायचा, आणि पुढचे दोन रविवार थैली जरा जड यायची.

मग दोराची गोष्ट. फुलर पुढे सांगत असे की हिंदुस्थान म्हणजे पृथ्वीच्या पोटाइतकी खोल सोन्याची खाण आहे आणि तिच्यात उतरणार कोण, असा प्रश्न होता. कॅरी म्हणाला, मी उतरतो, पण दोर तुम्ही वर धरून ठेवायचा. आमच्या गावात खाण कुणी पाहिली नव्हती. विहीर पाहिली होती. विहीर खणायला गडी खाली उतरायचे, वर त्यांची टोपली खाली-वर करायची यारी लावलेली असायची, आणि यारीवर कोण बसवायचा हे खालचे गडी स्वतः ठरवायचे. दारू पिणारा नको, रागीट नको. त्यामुळे वडिलांनी गोष्ट सांगितली की मला खाण दिसायचीच नाही, आमच्या शेजारच्या मळ्यातली अर्धवट विहीरच दिसायची. खाली वाकून पाहिलं तर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक गडी, एकटा.

ही गोष्ट ऐकताना बरीच वर्षं माझ्या डोक्यात कधी आलं नाही की त्या टोपलीत कॅरी एकटा नव्हता.

डोरोथी प्लॅकेटशी त्याचं लग्न झालं १० जून १७८१ ला. तो वीस वर्षांचाही नव्हता, जोडे शिवायचा. ती त्याच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. लग्नाच्या वहीत तिने सही केली नाही, फुली मारली. लिहिता येत नव्हतं. पोटच्या दोन मुली इंग्लंडमध्येच गेल्या. नवऱ्याने बंगालला जायचं ठरवलं तेव्हा ती गरोदर होती, आणि तिने चक्क नाही म्हटलं. मला हे मोठेपणी कळलं आणि मी खुर्चीत सरसावून बसले. ती नाही म्हणाली होती! आमच्या भिंतीवरच्या फोटोमागे एक नकार होता, आणि तो आम्हाला कोणी सांगितला नव्हता.

तो थोरल्या फेलिक्सला घेऊन निघाला. जहाजावर चढलाही. पण ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नव्हता, आणि सोबतच्या डॉक्टर जॉन थॉमसच्या मागे देणेकऱ्यांचा ससेमिरा. इंग्लंडचा किनारा सोडायच्या आतच दोघांना उतरवलं. डॅनिश जहाज मिळायची सोय झाली तेव्हा ते पुन्हा तिच्या दारात उभे राहिले. थॉमसने तिला सांगितलं की आत्ता नाही आलीस तर कुटुंब कायमचं पांगेल आणि जन्मभर पस्तावशील. ती म्हणाली, बहीण बरोबर येत असेल तर येते. बहिणीला ठरवायला काही घटकाच मिळाल्या. १३ जून १७९३ ला डोव्हरहून जहाज सुटलं तेव्हा तिच्या कडेवरचा जेबेझ पाच-सहा आठवड्यांचा होता. ती बाळंतिणीच्या खोलीतून उठली आणि पाच महिन्यांच्या प्रवासाला निघाली.

११ नोव्हेंबरला कलकत्ता. पुढचं सगळं वेगात बिघडलं. निर्वाहासाठी बरोबर आणलेला माल विकून पैसे करायचे होते. तो व्यवहार थॉमसच्या हाती होता, आणि थॉमस मनाने चांगला पण पैशाच्या बाबतीत गळक्या मडक्यासारखा. दोन-तीन महिन्यांत हात रिकामे. वरचा दोर ज्यांनी धरला होता ते पंधरा हजार मैलांवर, त्यांच्यापर्यंत पत्र पोचायला पाच-सहा महिने, उत्तर यायला तितकेच. जानेवारी १७९४ मध्ये कॅरीने रोजनिशीत लिहिलंय की परक्या मुलखात आहे, एकटा आहे, ख्रिस्ती मित्र कोणी नाही, कुटुंब मोठं आहे आणि त्यांची गरज भागवायला जवळ काही नाही.

याच दिवसांतलं त्याच्या रोजनिशीतलं आणखी एक वाक्य आहे, आणि या लेखाचं नाव त्यावरून आहे. बायको आणि मेहुणी सारख्या तक्रार करतात, असं तो लिहितो. ज्याला त्या जगण्याच्या गरजेच्या वस्तू म्हणतात त्यातल्या बऱ्याच नाहीत म्हणून. विशेषतः पाव.

'ज्याला त्या म्हणतात.' हे तीन शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. घरात भात होता, कालवण होतं. पोट भरत होतं. पण ज्या बाईने आयुष्यभर पाव खाल्ला, जिची पोरं जुलाबाने हैराण होती, जिच्या अंगावर पाजतं बाळ होतं, तिने पाव मागितला तर ती तिची कल्पना ठरली. मी मुंबईला नोकरीला आले तेव्हा पहिले सहा महिने मेसमध्ये चपाती-भात मिळायचा. सगळं असायचं, आणि ज्वारीच्या भाकरीसाठी मला रडू यायचं. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

आता गंमत पाहा. या काळात या कुटुंबाला तगवलं कुणी? माणिकतल्यात त्यांना राहायला बाग आणि छोटंसं घर दिलं ते नीलू दत्त नावाच्या एका बंगाली सावकाराने, भाडं न घेता. सावकार, तोही हिंदू, तोही थॉमसच्या देण्याघेण्याच्या लफड्यातून ओळखीचा झालेला. माझ्या मुलीच्या घरापासून माणिकतला लांब नाही. तिथल्या बाजारात आम्ही मासे आणायला जायचो, आणि मी प्रत्येक वेळी इकडेतिकडे पाहायची, जणू ते घर अजून असणार आहे.

मग फेब्रुवारीत ते नावेतून सुंदरबनाकडे निघाले. जंगल तोडून शेती करू, झोपडी बांधू, असा बेत. शिधा संपत आलेला. वाटेत देभाट्याला, आताच्या बांगलादेशात, एक इंग्रजी धाटणीचं घर दिसलं. कंपनीच्या मिठाच्या खात्यातला अधिकारी चार्ल्स शॉर्ट तिथे राहत होता. ओळख ना देख. धर्माबिर्माशी त्याला फारसं घेणं नव्हतं. त्याने सगळ्या लटांबराला घरात घेतलं आणि सांगितलं, हवं तितके महिने राहा. पुढे याच शॉर्टने डोरोथीच्या बहिणीशी, किटीशी, लग्न केलं. चांगलंच झालं म्हणायचं. पण डोरोथी ज्या एका अटीवर आली होती ती अट देभाट्यातच राहिली. उन्हाळ्यात नाव उत्तरेला निघाली ती किटीशिवाय. तीन आठवडे नदीतून उलट्या प्रवाहाने.

उत्तरेला मालद्याजवळ जॉर्ज उडनी या कंपनीच्या व्यापारी अधिकाऱ्याने कॅरीला मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक नेमलं. दरमहा २०० रुपये आणि वर कमिशन. कॅरीने लगेच इंग्लंडला लिहून टाकलं की आता तुमच्या पैशांची मला गरज नाही, ते दुसऱ्या कुठल्या मोहिमेला वापरा. मला फक्त दरवर्षी थोडी शेतीची अवजारं आणि फळाफुलांचं बी पाठवा, त्याचेही पैसे देईन.

हे पत्र वाचताना मला माझी आई दिसते. आता तिच्याबद्दल सांगायलाच हवं.

१९७२ चा दुष्काळ. मी आठ वर्षांची. वडील नगरच्या पूर्वेकडच्या एका खेड्यात पाळक होते. पगार मंडळीच्या अर्पणातून निघायचा, आणि मंडळीच दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पगार थांबला. थांबला असं कुणी सांगितलं नाही, फक्त खजिनदार यायचे बंद झाले. पण संध्याकाळी कामावरून परतताना बाया आमच्या दारात थांबायच्या. पदरात मिलो असायचा, अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी. ओंजळभर, दोन ओंजळी. ज्यांच्या हाताला खडीने घट्टे पडले होते त्या बाया आपल्या घासातला घास पाळकाच्या घरी टाकून जात. मला आजही यापेक्षा मोठं दान माहीत नाही.

आणि तरीही.

एक दिवस त्यातलीच एक बाई आत आली. आई चहा गाळत होती. बाईने डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाळकीणबाई, साखर घालताय व्हय?" एवढंच. वाईट हेतू नव्हता, तिच्या स्वतःच्या घरी तेव्हा काळा गुळाचाही चहा होत नव्हता. आई काही बोलली नाही. त्यानंतर पुढची कित्येक वर्षं कुणी घरात असलं की आई बिनसाखरेचा चहा प्यायची. दुष्काळ संपून गेला तरी.

त्या दिवसांत आई एक वही ठेवायची. शाळेची उरलेली, चौकटीची. कुणी काय दिलं, कोणत्या दिवशी. मिलो एक शेर. शेंगदाणे पसाभर. पुस्तकाला कव्हर, हेही. दुसरी एक वही गावातल्या वाण्याकडे होती, आमच्या उधारीची. मला लहानपणी वाटायचं, आईला ती दुसरी वही जड जात असेल. उलटं होतं. वाण्याकडे ती ताठ मानेने जायची. तो पान काढायचा, लिहायचा, "बाई, पाऊस पडल्यावर बघू" म्हणायचा. त्याने कधी विचारलं नाही की तेल कशाला लागतं. उधारीत मान होता. देणं फिटलं की संपतं. पदरातल्या मिलोचं देणं कुठे आणि कसं फेडायचं हे आईला कळत नव्हतं, म्हणून ती नुसती लिहून ठेवत होती.

कॅरीने निळीच्या कारखान्याची नोकरी का धरली असेल, हे मला चरित्रांपेक्षा आईच्या त्या वह्यांनी जास्त समजावलं.

इंग्लंडमधल्या लोकांना मात्र ते समजलं नाही. घरून पहिली पत्रं आली तीच मुळात १७९५ च्या उन्हाळ्याच्या सुमारास, कलकत्त्याला पोचून दीड वर्ष झाल्यावर. आणि कारखान्याची बातमी तिकडे पोचल्यावर संस्थेकडून सावधगिरीचा इशारा आला. व्यापारधंद्यात फार गुंतू नका, मूळ काम विसराल. साखर घालताय व्हय? कॅरी दुखावला. त्याने उत्तर दिलं की घरखर्चापुरतं ठेवून बाकी सगळी कमाई मी सुवार्तेच्या कामालाच घालतो, मी गरीब आहे आणि बंगालीत बायबल छापून होईपर्यंत गरीबच राहणार.

त्याचं खरं होतं. पण त्या सगळ्या पत्रव्यवहारात, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, पैसे कुणाचे, काम कुणाचं, हिशोब कुणी मागायचा, यावर पानं भरली. मदनाबाटीच्या घरात काय चाललं होतं?

ऑक्टोबर १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. कॅरी स्वतः तापाने इतका अशक्त की उभं राहवत नव्हतं. पेटी करायला कुणी तयार होईना, खड्डा खणायला कुणी येईना, परक्या माणसाच्या प्रेताला शिवायचं कुणी? शेवटी चार मुसलमान माणसं एकत्र आली, चौघं असलो की निभावेल म्हणून, आणि त्यांनी कबर खणली. पेटी उचलायला तरीही कुणी मिळेना, आणि आपण दोघं नवराबायकोच उचलू, इथवर गोष्ट आली होती. शेवटी झाडलोट करणारा एक माणूस आणि जातीबाहेर टाकलेला एक पोरगा पुढे आले. कबर खणणाऱ्या त्या चौघांना गावच्या मंडलाने, म्हणजे मुखियाने, वाळीत टाकलं. त्यांच्याबरोबर कुणी खायचं नाही, प्यायचं नाही, हुक्का ओढायचा नाही.

या चौघांची नावं कुठे नाहीत. केटरिंगच्या खोलीत १३ पौंडांचा शब्द देणाऱ्यांची नावं आहेत, त्यांची चित्रंही निघाली. मी त्या पाळकांना कमी लेखत नाही. पण दोर धरण्याबद्दल बोलायचंच तर त्या दिवशी मदनाबाटीत कबरीत पेटी उतरवताना दोर कुणीतरी हातात धरला असणार, खराखुरा, सुंभाचा.

त्यानंतर काही महिन्यांतच डोरोथी आजारी पडली. मनाने. नवरा आपल्याला फसवतो, परक्या बायांकडे जातो, असं तिला वाटू लागलं. ती त्याच्या मागे रस्त्याने जायची, ओरडायची, पुढे अंगावर धावून जायची. मधूनमधून खोलीत कोंडून ठेवावं लागायचं. हे बारा वर्षं चाललं. पलीकडच्या खोलीत ती, आणि भिंतीच्या अलीकडे तो पंडितांबरोबर भाषांतराची प्रुफं तपासतोय. लोकांनी वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचा सल्ला दिला, कॅरीने मानला नाही. त्या काळची ती ठिकाणं कशी होती हे पाहता त्याचं हे मोठेपण मी मान्य करते. पण पलीकडच्या खोलीतल्या बाईशी तिच्या गावाकडच्या बोलीत बोलणारं तेव्हा कुणी होतं का, याचं उत्तर चरित्रं देत नाहीत. ती बहुतेक एका परिच्छेदात तिला उरकतात. काही तर तिलाच दोष देतात, थोर माणसाला अडाणी बायको मिळाली म्हणून.

१० जानेवारी १८०० ला कॅरी कुटुंबासह श्रीरामपूरला आला. हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात, त्यामुळे कंपनीचा वचक नाही. जोशुआ आणि हॅना मार्शमन, विल्यम वॉर्ड हे आधीच येऊन थांबले होते. त्यांच्याबरोबर आलेल्या जथ्यातला एक जण तर पोचल्यावर तीनच आठवड्यांत गेला होता. दोन वर्षांत आणखी तिघं गेले, थॉमससुद्धा. विधवा आणि पोरं मागे. मग इथे एक वेगळी व्यवस्था उभी राहिली, ती मला या साऱ्या कहाणीत सगळ्यात शहाणी वाटते. सगळ्यांची एक थैली. ज्याची जी कमाई असेल ती त्यात, आणि प्रत्येक घराला गरजेपुरती रक्कम. हॅना मार्शमनने वसतिगृहाच्या शाळा काढल्या आणि त्यांचं उत्पन्न थैलीत घातलं. विल्यम वॉर्ड छापखाना बघायचा. कॅरीला १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवायला ५०० रुपये पगार मिळाला. तोही थैलीत.

इथे आपला संबंध येतो. त्या कॉलेजात तो पुढे संस्कृत आणि मराठीही शिकवू लागला. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मोडी अक्षरांत मराठी शब्दकोश. पगार पुढे १००० रुपयांपर्यंत गेला. म्हणजे कंपनीच्या कोवळ्या गोऱ्या पोरांना 'मी करतो, तू करतोस' शिकवून आलेल्या पैशांतून श्रीरामपुरातल्या विधवांच्या घरी तांदूळ जात होता. वडिलांना मराठी व्याकरणाचा अभिमान होता, पण दोराच्या त्या गोष्टीत एक पदर मराठीचाही होता हे त्यांना सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर थैली आणखी जड झाली असती.

कॅरीच्या मोकाट पोरांना वळण लावलं तेही मुख्यतः हॅनाने आणि वॉर्डने. आई कोंडलेली, बाप पुस्तकात. हॅनाला स्वतःची मुलं होती, शाळा होती, तरी तिने ती चार पोरंही ओढली. त्याची वर्गणी कुठल्या यादीत लिहिणार?

८ डिसेंबर १८०७ ला डोरोथी श्रीरामपुरातच वारली. तापाने.

पुढे ११ मार्च १८१२ ला संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागदाची कोठारं, कितीतरी भाषांचे छपाईचे खिळे, व्याकरणांची आणि कोशांची हस्तलिखितं जळाली. वितळलेलं शिसं गोळा करून, वाचलेल्या पोलादी ठशांवरून नवे खिळे पाडायला लगेच सुरुवात झाली. बंगाली खिळे पाडणाऱ्या पंचानन कर्मकाराचा जावई मनोहर आणि त्याच्या हाताखालचे कारागीर हे बळ त्यामागे होतं. बातमी इंग्लंडला पोचली आणि सुमारे दोन महिन्यांत १०,००० पौंड जमले. फक्त बॅप्टिस्टांनी नाही, सगळ्या पंथांच्या लोकांनी दिले. नुकसान भरून निघालं, आता पुरे, असं फुलरला सांगावं लागलं. वीस वर्षांपूर्वीचे तेच १३ पौंड.

वडिलांचा हा दुसरा आवडता आकडा. मला तो खटकतो. देणाऱ्यांचं चुकलं असं नाही. आगीला देणं सोपं असतं. आग दिसते, तिची तारीख असते, जळालेल्या रिमांची मोजणी होते, आणि भरपाई झाली की संपते. भिंतीपलीकडे बारा वर्षं ओरडणाऱ्या बाईसाठी वर्गणी कशी गोळा करणार? कुठल्या नावाने?

१८१५ मध्ये फुलर गेला आणि वरचे दोर धरणारे बदलले. नव्यांना श्रीरामपूरच्या जागा, इमारती, मालमत्ता कुणाच्या नावावर हे विचारायचं होतं. तिकडे बोललं जाऊ लागलं की हे लोक श्रीमंत झालेत, थाटात राहतात. यांचं म्हणणं, आम्ही कमावलेल्या पैशातून उभं केलंय. दोन्हीकडे थोडंथोडं खरं असेल. १८२७ मध्ये दोर तुटला, संस्था आणि श्रीरामपूर वेगळे झाले, आणि पुन्हा जुळले ते कॅरी गेल्यावर. त्या भांडणाचं साहित्य प्रचंड आहे. मी अर्ध्यात सोडलं. आमच्या मंडळीच्या पंच कमिटीच्या बैठका लहानपणी पुरेशा ऐकल्यात.

हुगळीकाठच्या कॉलेजच्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसले. १८१८ चं कॉलेज, समोर पाणी, पलीकडे बराकपूर. आत डेन्मार्कच्या राजाने दिलेला लोखंडी जिना आहे, तो लोक येऊन पाहतात, मीही पाहिला. बाहेर एक पोरगा मुढी, म्हणजे कुरमुरे, विकत होता. ठोंगा घेतला आणि तिथूनच आईला फोन लावला. ती चौऱ्याऐंशीची आहे, भावाकडे नगरला असते. कानाने ठणठणीत.

तिला डोरोथीबद्दल सांगितलं. तिलाही माहीत नव्हतं. चाळीस वर्षं पाळकीणबाई असून.

"जहाजात चढली तेव्हा बाळ केवढं?" तिने विचारलं.

"पाच-सहा आठवड्यांचं."

"मग कुणी विचारलंच नसणार तिला." मग जरा थांबून, "आणि पाव नव्हता म्हणतेस. त्या बंगल्यावाल्याने तरी दिला असेल की. शॉर्टने. इंग्रजाच्या घरी पाव असतोच."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. असेलही.

"अगं, तुझ्या त्या वहीचं काय झालं?" मी विचारलं. "बहात्तरच्या."

"आहे ना ट्रंकेत. बरंचसं फेडलं मी. कुणाच्या लग्नात भांडं, कुणाच्या बाळंतपणात तूप. काही माणसंच राहिली नाहीत." मग ती हसली. "एक मात्र लिहिलं नव्हतं त्यात. कामावरची एक बाई होती, चिंचेखाली राहायची. सगळ्या मिलो आणायच्या, तिने एकदा खोबरेलाची बाटली आणली. अर्धीच. म्हणाली, बाई, केस किती भुरके झालेत तुमचे, बसा इथं. आणि ओट्यावर बसून तिने तेल घातलं मला. दोन्ही हातांनी."

"मग ते का नाही लिहिलंस?"

"ते पाळकाच्या घरी नव्हतं दिलेलं," आई म्हणाली. "मला दिलं होतं."

मागे कुकरची शिट्टी झाली. परतीच्या गाडीत रात्रीचं जेवण मिळतं का, की आत्ताच काही बांधून घेणार आहेस, हे तिने दोनदा विचारलं आणि फोन ठेवला.